आई-बाबा सहा महिने न्यू जर्सीत: औषधं किती न्यायची, आणि उपचारांसाठी कायमचंच आणावं का?

आंबेमोहोर_०७

मंडळी, आई-बाबा नोव्हेंबरात नाशिकहून माझ्याकडे न्यू जर्सीला येताहेत. बी-२ (पर्यटक) व्हिसा, मुक्काम सहा महिने, विमान मुंबई–अबू धाबी–न्यूयॉर्क. दोघांची सध्याची औषधं अशी:

बाबा (६८): ह्युमन मिक्स्टार्ड ३०/७० ची कुपी, सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट, लाल टोपीच्या सिरिंजने. मधुमेहाची गॅल्व्हस मेट ५०/५०० दोन वेळा, रक्तदाबाची टेल्मा-एएम, इकोस्प्रिन-एव्ही ७५/२०, क्लोपिटॅब ७५, सकाळी उपाशीपोटी पॅन-डी. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे.

आई (६४): थायरोनॉर्म ७५, रात्री झोपेची रेस्टिल ०.२५, गुडघे फारच दुखले तर अल्ट्रासेट. शिवाय वैद्यांकडची अश्वगंधा आणि महायोगराज गुग्गुळ.

सहा महिन्यांचं सगळं बरोबर आणता येतं का? कमी पडलं तर इथे मिळेल का, की भाऊ कुरिअर करू शकेल? दुसरं म्हणजे, मी आता सिटिझन आहे, त्यामुळे नातेवाईकांचा सूर असा की "ग्रीन कार्ड करून टाक, तिकडे उपचार चांगले होतील". यात कितपत तथ्य आहे? कोणाला नेमकं माहीत असेल तर लिहा. "घेऊन जा, कोणी विचारत नाही" हे उत्तर आधीच बऱ्याच जणांकडून मिळालंय.

---

खलबत्ता

मी इथल्या फार्मसीत काम करतो, तेव्हा औषधांपुरतं लिहितो. व्हिसाचं जाणकार लिहितीलच.

आधी इन्सुलिन, कारण या यादीत जिवाला धोका तिथे आहे. भारतात कुपीतलं मिक्स्टार्ड यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि लाल टोपीची सिरिंज त्याच मापाने आखलेली असते. अमेरिकेत कुपी यू-१०० असते आणि सिरिंज नारिंगी टोपीची. बाबांनी इथली कुपी घेऊन नाशिकहून आणलेल्या लाल सिरिंजने २४ च्या रेघेपर्यंत भरलं, तर ०.६ मिली आत जाईल, म्हणजे ६० युनिट. अडीचपट. साखर इतकी खाली जाईल की रुग्णवाहिका बोलवावी लागेल. उलट भारतातली कुपी आणि इथली नारिंगी सिरिंज अशी जोडी जमली तर २४ च्या जागी फक्त ९.६ युनिट जातील, आणि आठवडाभर साखर ३०० च्या वर का राहते हे कोणालाच कळणार नाही. दोन्ही प्रकार वारंवार घडतात, कारण सिरिंज संपली की घरातलं कोणीतरी दुकानातून "इन्सुलिनची सिरिंज" आणून देतं.

यावर साधा उपाय: निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून बाबांना इन्सुलिनच्या पेनवर आणा. भारतातसुद्धा पेनची कार्ट्रिज यू-१०० च असते, आणि पेनवर आकडा फिरवायचा असल्यामुळे २४ म्हणजे कुठेही २४ च. मिक्स्टार्डच्याच पेनचा आग्रह धरू नका, कंपनीने २०२५ पासून भारतात ती बंद करायला घेतली आहेत. इन्सुजेन किंवा ह्युमिन्सुलिन ३०/७० मध्ये घटक तेच असतात. आकडा तोच राहिला तरी पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, म्हणून म्हटलं की निघायच्या आदल्या आठवड्यात हा बदल करू नका.

किती लागेल: दिवसाला ४० युनिट, अधिक प्रत्येक वेळी सुई तपासायला २ युनिट हवेत उडवायचे, म्हणजे ४४. ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, ती पावणेसात दिवस पुरते. ९० दिवसांना १४, आणि फुटण्या-बिघडण्यासाठी दोन जादा. यू-४० ची कुपी ४०० युनिटची, म्हणजे दहाच दिवस. सहा महिन्यांसाठी १८ कुप्या थंड ठेवत आणायचा विचार सोडा.

उरलेल्या तीन महिन्यांचं इथे घ्या. नोव्होलिन ७०/३० म्हणजेच आपलं ३०/७०, अमेरिकेत दीर्घ काळ चालणारा भाग आधी लिहितात म्हणून आकडे उलटे दिसतात. वॉलमार्टच्या फार्मसीत रिलिऑन नावाने ते बहुतेक राज्यांत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, १० मिलीची कुपी साधारण २५ डॉलरला. मांडणीवर दिसणार नाही, खिडकीवर मागावं लागतं. एका कुपीत १००० युनिट, २५ दिवस. चार कुप्यांत तीन महिने निघतात. फक्त कुपी घेतली की त्याच क्षणी नारिंगी सिरिंजही घ्यायच्या आणि घरातल्या लाल सिरिंज फेकून द्यायच्या. लाल सिरिंज "असू दे, लागेल" म्हणून ठेवू नका.

प्रवासात इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. बर्फाची पिशवी आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये पातळ रुमाल ठेवा, थेट चिकटवू नका. औषधासाठीच्या जेल पॅकला १०० मिलीची मर्यादा लागत नाही, पण तपासणीच्या रांगेत ते आधीच काढून दाखवायचं. विमानात सुई टोचायची ती जेवणाचा ट्रे समोर आल्यावर. घोषणा झाली म्हणून टोचली आणि हवामान बिघडून ट्रॉली थांबली, तर तासभर अन्न नाही.

आता गोळ्या. गॅल्व्हस मेटमधलं व्हिल्डाग्लिप्टिन अमेरिकेत मंजूरच नाही. कुठल्याही दुकानात, कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही. संपलं तर इथला डॉक्टर त्याच गटातलं सिटाग्लिप्टिन देईल, आणि ते इथे महाग पडू शकतं. म्हणून हे ९० दिवसांचं पक्कं आणा आणि पुढच्या ९० दिवसांचं काय ते भारतातल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. भारतात सिटाग्लिप्टिन आता स्वस्त झालं आहे, तेव्हा निघायच्या आधीच त्यावर जाता येईल का, हेही विचारा. टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज, सिल्निडिपिन घेणाऱ्या इतर वाचकांनाही हेच लागू. यातलं काहीच अमेरिकेत मिळत नाही. (ग्लिक्लाझाइड ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिळतं.)

पॅन-डी मधलं डॉमपेरिडोनही इथे मंजूर नाही. त्याहून मोठा घोटाळा असा की पँटोप्राझोल इथे प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, पण ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल किराणा दुकानातसुद्धा उघडे मिळतात. पॅन-डी संपली की लोक ॲसिडिटीसाठी तेच आणतात. बाबा क्लोपिटॅबवर, म्हणजे क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधावर आहेत. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल दोन्ही क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. स्टेंट असलेल्या माणसाने ही जोडी टाळायची. अडलंच तर फॅमोटिडिन घ्या.

टेल्मा-एएम आणि इकोस्प्रिन-एव्ही या दोन-दोन औषधांच्या गोळ्या आहेत, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. अर्जंट केअरमधला (वेळ न घेता जाता येतं असा दवाखाना) डॉक्टर विचारतो, कोलेस्टेरॉलची गोळी घेता का? बाबा सांगतात, नाही, फक्त हृदयाची इकोस्प्रिन. तो ॲटोरव्हास्टॅटिन लिहून देतो. ते इकोस्प्रिन-एव्हीमध्ये आहेच, म्हणजे दुप्पट झालं. टेल्मा-एएमच्या बाबतीत ॲम्लोडिपिन दुप्पट होतं, पाय सुजतात, मग सूज उतरवायला तिसरी गोळी येते. त्यामुळे ब्रँडची यादी इथे निरुपयोगी आहे. घटकांची यादी करा: टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, ॲस्पिरिन ७५, ॲटोरव्हास्टॅटिन २०, क्लोपिडोग्रेल ७५, मेटफॉर्मिन ५०० दोनदा, व्हिल्डाग्लिप्टिन ५० दोनदा, पँटोप्राझोल ४०, डॉमपेरिडोन ३०. प्रत्येकासमोर कशासाठी आणि किती वाजता. इथे ॲस्पिरिन ८१ मिग्रॅ मिळते, ७५ च्या जागी ती चालते.

आणि स्टेंटला दोन वर्षं झाल्यावरही ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही का चालू आहेत, हे निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. कारण असू शकतं. पण कित्येकदा कोणी बंद करा म्हटलं नाही, एवढंच कारण निघतं. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

---

काउंटरवाला

पुण्यात मेडिकल आहे. वरचं सगळं बरोबर, फक्त भारतातल्या बाजूचं थोडं.

अमेरिकेत औषधाच्या बाटलीवर रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, डोस सगळं छापलेलं असतं. आपल्या स्ट्रिपवर रुग्णाचं नाव नसतं. म्हणून कस्टम्सवाल्याच्या दृष्टीने आपली पिशवी म्हणजे बिननावाच्या गोळ्यांचा ढीग. ती कोणाची आहे हे फक्त कागद सांगतो. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत, टाइप केलेलं पत्र घ्या: पासपोर्टवर आहे तसंच नाव, आजार, घटकांची नावं आणि ब्रँड दोन्ही, रोजचा डोस, एकूण किती दिवसांचं, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का, अलीकडची तारीख. आई-बाबांची वेगवेगळी पत्रं. आईची औषधं आईच्या बॅगेत, बाबांची बाबांच्या. एकत्र भरली आणि एकालाच बाजूला घेतलं तर दुसऱ्याच्या औषधांचं पत्र दुसऱ्या रांगेत असतं.

मेडिकलमध्ये अख्ख्या स्ट्रिप मागा. कापून दिलेल्या स्ट्रिपवरून बॅच आणि एक्स्पायरी जाते, तसली बाहेर नेऊ नका. बिलावर रुग्णाचं नाव आणि बॅच नंबर येऊ द्या. एक्स्पायरी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने असावी. दुकानदाराला पंधरा दिवस आधी सांगितलं तर तो ताजा माल मागवून देतो. आयत्या वेळी गेलात तर शेल्फवर असेल ते मिळेल. गोळ्या सोलून डबीत भरणं तिकडे पोचल्यावर करा.

जनऔषधी केंद्रातून घेतलंत तर वेष्टनावर घटकाचं नाव ठळक असतं, परदेशात दाखवायला ते उलट सोयीचं. फक्त नेहमीचं सोडून नवीन काही प्रवासाच्या तोंडावर सुरू करू नका.

थायरोनॉर्मबद्दल: तिकडे लिव्होथायरॉक्सिन नावाने ७५ मायक्रोग्रॅमच मिळते आणि स्वस्त आहे. ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासायचं.

---

खलबत्ता

किती आणता येतं, हे राहिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सर्वसाधारण निकष ९० दिवसांचा. पाहुणा त्याहून जास्त राहणार असेल तर उरलेलं टपालाने किंवा कुरिअरने मागवता येतं, पण पार्सलमध्ये व्हिसा आणि पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत हवी, आणि पाकिटावर कागद आत असल्याचं लिहायचं. ही सवलत परदेशी पाहुण्यांसाठी आहे. तुमच्या स्वतःच्या नावाने, म्हणजे इथे राहणाऱ्याच्या नावाने, भारतातून औषधं मागवणं साधारणपणे बेकायदा धरलं जातं. त्यामुळे भावाला सांगा, पार्सल बाबांच्या नावाने, बाबांच्याच कागदांसह. कस्टम्समध्ये दोन-तीन आठवडे अडकू शकतं हे धरून महिनाभर आधी पाठवायचं. इन्सुलिन कुरिअरने नको, रेस्टिल आणि अल्ट्रासेट तर अजिबात नको.

काय स्वस्तात मिळतं: मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन यांसारखी जुनी औषधं वॉलमार्टच्या चार डॉलरच्या यादीत महिनाभराची मिळतात. कॉस्ट प्लस ड्रग्ज ही ऑनलाइन फार्मसी खरेदीच्या किमतीवर १५ टक्के आणि ठरावीक शुल्क लावते. कॉस्टकोच्या फार्मसीला सदस्यत्व लागत नाही. पण या सगळ्यांना इथल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं, नाशिकचं चालत नाही. एकदा अर्जंट केअर किंवा सामुदायिक आरोग्य केंद्रात दाखवून ९० दिवसांचं लिहून घेतलं की काम होतं. सामुदायिक केंद्रात फी उत्पन्नावर ठरते, विमा नसला तरी घेतात.

उलट डापाग्लिफ्लोझिन, ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, टिकाग्रेलॉर असलं काही चालू असेल तर भारतातून पूर्ण ९० दिवसांचं आणाच. फरक काही पटींचा असू शकतो.

---

वाळवंटी_वारा

विमान अबू धाबीवरून आहे, त्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

अल्ट्रासेट म्हणजे ट्रॅमाडॉल ३७.५ अधिक पॅरासिटामॉल ३२५. यूएईत ट्रॅमाडॉल कडक नियंत्रणात आहे. रेस्टिलमधलं अल्प्राझोलामही नियंत्रित. प्रिगाबॅलिनसुद्धा, आणि ते आपल्याकडे मणक्याच्या दुखण्याला सर्रास देतात. आत शिरणाऱ्या प्रवाशाने अशा औषधांसाठी यूएई सरकारच्या संकेतस्थळावर आधी ऑनलाइन परवाना काढायचा असतो. आपण फक्त विमान बदलणार म्हणून निर्धास्त राहू नका: जोडविमान चुकलं तर रात्रभरासाठी बाहेर हॉटेलात पाठवतात, आणि मग तुम्ही रीतसर आत शिरलेले प्रवासी असता. शिवाय अबू धाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतं, न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. म्हणजे अमेरिकी अधिकाऱ्यांचे प्रश्नही अबू धाबीतच येणार. कागद हाताशी हवेत, सामानात नकोत.

माझं मत: अल्ट्रासेट आणूच नका. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक जेल. हे जेल अमेरिकेत २०२० पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. रेस्टिल रोजची असेल तर एकदम बंद करायची नाही. झोप उडते, घबराट होते, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांना दोन-तीन महिने आधी भेटलात तर हळूहळू उतरवता येते. नाही उतरली, तर तेवढ्यापुरता परवाना काढा आणि स्ट्रिप अखंड ठेवा. अमेरिकेतही ती नियंत्रित औषधांत मोडते, विचारायची वाट न बघता सांगून टाकायचं.

अवांतर: नातवंडांसाठी अनारसे करायचे म्हणून खसखस टाकाल. यूएईत खसखशीवर बंदी आहे. अनारसे तळून, डब्यात भरूनसुद्धा नकोत, वर खसखस असतेच. ती अमेरिकेत भारतीय दुकानात मिळते, तिकडेच करा.

---

चरकाचाचाहता

वैद्यांच्या औषधांबद्दल. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, पण यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकाच पिशवीत भरतात. साधा योगराज गुग्गुळ वनस्पतींचा असतो. *महा*योगराज गुग्गुळात वंग, नाग, लोह, अभ्रक अशी भस्मं आणि रससिंदूर असतं. नाग म्हणजे शिसं, आणि रससिंदुरात पारा. आरोग्यवर्धिनीतही कज्जली, म्हणजे पारा-गंधक, असते. २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तेव्हापासून तिकडचे डॉक्टर हा प्रश्न विचारतात, आणि हिमोग्लोबिन उगाच कमी दिसलं, पोट दुखत राहिलं, तर रक्तातलं शिसं तपासतात. आईने "काही घेत नाही, फक्त आयुर्वेदिक" असं सांगितलं तर ते तपासलंच जाणार नाही. नाव आणि डोस सांगायला हवा.

अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरकं वाढू शकतात. थायरोनॉर्म चालू असताना छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं दिसलं तर लोक गोळीचा डोस बदलत बसतात. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. निदान प्रवासाच्या आधी थांबवून, दीड-दोन महिन्यांनी टीएसएच करून मग निघा. बाबांना कोणी कारल्याचा रस सुचवला असेल तर इन्सुलिनबरोबर साखर आणखी खाली जाते.

कागदाच्या पुड्यांतली चूर्णं तर नकोच. लेबल नसलेली पावडर कोणत्याही विमानतळावर नको.

---

फाइलबहाद्दर

आता ग्रीन कार्ड. सिटिझन मुलगी २१ च्या वर असेल तर आई-वडील "इमिजिएट रिलेटिव्ह" धरले जातात, कोट्याची रांग नाही. दोघांसाठी दोन वेगळे आय-१३० (नातेवाइकाला आणण्याचा अर्ज), शिवाय तुमच्या उत्पन्नाची हमी, आय-८६४. इथवर सोपं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवाल्यांना हा मार्ग नाही, म्हणून दुसऱ्यांची उदाहरणं ऐकून गोंधळू नका.

पण उपचारांसाठी हा मार्ग कसा चालतो ते पाहा. वय ६५ झालं तरी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आपोआप मिळत नाही. इथे काम करून कर भरलेला नसेल तर ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि मगही हप्ता भरून विकत घ्यायचं. २०२६ चे आकडे: पार्ट ए (रुग्णालय) ला महिना ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टर) ला २०२.९०. एका माणसाचे ७६८, दोघांचे दीड हजारांवर, औषधांचा पार्ट डी वेगळा. बाबा तेव्हा त्र्याहत्तरच्या पुढे असतील. मधली पाच वर्षं राज्याच्या मार्केटप्लेसवरचा (विमा निवडायच्या सरकारी संकेतस्थळावरचा) विमा. तो पूर्वीचे आजार नाकारू शकत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. ग्रीन कार्ड घेऊन आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा, चुकला तर पुढच्या नोंदणीच्या काळापर्यंत थांबा. मेडिकेडही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) बहुतेक ठिकाणी पाच वर्षं बंद, आणीबाणी वगळता.

आणखी एक. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने वकिलातींना कळवलं की कायमचा व्हिसा देताना अर्जदाराचा आजार आणि त्याचा खर्च पेलण्याची ऐपत अधिक काटेकोरपणे बघा. त्यात हृदयविकार आणि मधुमेह यांची नावं आहेत. म्हणजे ज्या कारणासाठी आणायचं तेच कारण मुलाखतीत आडवं येऊ शकतं. पैसे आणि विमा यांची तयारी कागदावर दाखवता आली पाहिजे.

ग्रीन कार्ड घेऊन आई-बाबा दरवर्षी आठ-दहा महिने नाशिकलाच राहणार असतील तर ते टिकणार नाही. सलग वर्षभर बाहेर राहिलं तर परत येताना अडवतात. री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) दोन वर्षांपर्यंतचं मिळतं, पण पाच वर्षं सलग राहण्याची अट त्याने भागत नाही.

बी-२ वर येऊन लगेच इथेच अर्ज टाकण्याची युक्ती कोणी सुचवेल. ९० दिवसांच्या आत तसं केलं तर व्हिसा घेताना खोटं सांगितलं असं गृहीत धरलं जाऊ शकतं, आणि तो ठपका बसला तर सहज पुसला जात नाही. तसंच ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर बी-२ त्यासाठीही मिळतो, मात्र अर्ज करतानाच सांगायचं: निदान, इथल्या डॉक्टरांचं तारीख आणि खर्च लिहिलेलं पत्र, पैशांचा पुरावा. मुलाखतीत "नातवंडं बघायला" आणि बॅगेत अँजिओग्राफीची सीडी, हे टाळा.

माझा स्पष्ट सल्ला: बाबांचा हृदयरोगतज्ज्ञ नाशिकला आहे, औषधं तिथे स्वस्त आहेत, अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात मिळते. फक्त उपचारांसाठी म्हणाल तर गणित जमत नाही. आई-बाबांपैकी एकच उरलं आणि त्यांना एकट्याने राहणं शक्य नसेल, तेव्हा हाच निर्णय वेगळ्या कारणासाठी घ्यावा लागेल. त्यासाठी आय-१३० चा विचार आधीपासून करायला हरकत नाही.

---

विमावाली_ताई

सहा महिन्यांच्या विम्याबद्दल कोणीच बोललं नाही. दोन जाती आहेत. एकात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते, समजा आयसीयूचे दिवसाला अमुक डॉलर. हप्ता कमी, आणि बिल आलं की त्याचा उपयोग नगण्य. दुसरा सर्वसमावेशक, ठरलेल्या वजावटीनंतर टक्केवारीने भरतो. दुसराच घ्या.

पूर्वीच्या आजारांचं वाक्य नीट वाचा. बहुतेक पॉलिसींत "ॲक्यूट ऑनसेट" असा शब्द असतो: अचानक, पूर्वसूचना न देता उद्भवलेला त्रास, आणि ठरावीक तासांत उपचार घेतलेला. बाबांच्या छातीत दोन दिवस दुखत होतं आणि तिसऱ्या दिवशी नेलं, तर कंपनी म्हणेल हे अचानक नव्हतं. नियमित तपासण्या, औषधं भरून घेणं, साखर वाढली म्हणून डॉक्टर, हे यात नसतं. सत्तरीनंतर मर्यादा झपाट्याने खाली येते, बाबा ६८ आहेत तोवर बरं मिळेल. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यातही पूर्वीच्या आजाराला बहुधा फक्त जीव वाचवण्यापुरतं कव्हर असतं.

आणीबाणीत पैशांचा विचार करत घरी बसू नका. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभागाला तपासून स्थिर करावंच लागतं, विमा असो नसो. बिल मागाहून येतं. आलं की लगेच भरू नका, बाबवार बिल मागा. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, त्याचा फॉर्म मागा. पाहुण्यांना ते लागू करायचं की नाही हे रुग्णालयागणिक बदलतं, म्हणून विचारलंच पाहिजे.

---

मेपलपान

कॅनडावाल्यांसाठी दोन ओळी. इथे सुपर व्हिसावर आई-वडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. प्रांताचा सरकारी विमा त्यांना मिळत नाही.

आणि ग्लुकोमीटर! इथे आणि ब्रिटनमध्ये आकडे मिलिमोलमध्ये येतात. १८ ने गुणा: ७ म्हणजे १२६, १० म्हणजे १८०, ३.९ म्हणजे ७०. "साखर ११ आली" ऐकून नाशिकला गोंधळ उडतो. ब्रिटनमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पण वेगळं लिहितात, ७ टक्के म्हणजे ५३. मीटर आणि पुरेशा पट्ट्या भारतातूनच न्या. त्याच ब्रँडच्या पट्ट्या इथे मिळाल्या तरी मीटरशी जुळतीलच असं नाही.

ब्रिटनमध्ये आई-वडिलांना कायमचं आणणं २०१२ पासून जवळजवळ बंदच आहे. रोजची काळजी लागते आणि ती मायदेशी कुठल्याच खर्चात मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पाहुणे म्हणून गेले आणि रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर एनएचएस (तिथली सरकारी आरोग्य सेवा) दीडपट दराने बिल लावते.

---

आंबेमोहोर_०७

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रीन कार्डचा विषय घरात बंद केला. आईच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, रेस्टिलसाठी. खलबत्ता, एक राहिलं: प्रवासाच्या दिवशी इन्सुलिन कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायचं? पहाटे ४ ला विमान आहे.

---

खलबत्ता

नोव्हेंबरात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे असतं. पश्चिमेला येताना दिवस लांबतो, म्हणजे दोन डोसांमधलं अंतर वाढून साखर चढते. जाताना दिवस आखडतो, डोस जवळ येतात आणि साखर खाली जाते. परतीचा प्रवास जास्त जपायचा.

मिश्र इन्सुलिन अन्नाला बांधलेलं असतं, घड्याळाला नाही. येताना: रात्रीचा १६ चा डोस नाशिकला जेवताना नेहमीसारखा. अबू धाबीनंतरच्या विमानात मुख्य जेवण आलं की सकाळचा. उतरल्यावर न्यूयॉर्कच्या रात्रीच्या जेवणाला रात्रीचा, पण सकाळच्या डोसला दहा तास तरी झालेले असावेत. मधे खाणं झालं आणि साखर २५० च्या वर गेली तर जादा किती घ्यायचं, किंवा घ्यायचंच नाही, हा आकडा नाशिकच्या डॉक्टरांनी आधी लिहून द्यायचा. मिश्र इन्सुलिनचा जादा डोस अंदाजाने घेऊ नका, त्यातला ७० टक्के भाग कित्येक तासांनी, बाबा झोपेत असताना, काम करतो. दर चार तासांनी साखर तपासा. खिशात ग्लुकोजची पुडी आणि पार्ले-जी ठेवा. बॅगेतलं ओव्हरहेड बिनमध्ये जातं आणि सीटबेल्टचा दिवा लागला की काढता येत नाही.

परतताना रात्रीचा डोस बहुधा थोडा कमी करावा लागतो, तोही आकडा त्याच कागदावर घ्या. वापरलेल्या सुया इथे कचऱ्यात सुट्या टाकायच्या नाहीत. कपड्यांच्या साबणाची जाड प्लास्टिकची बाटली रिकामी ठेवा, झाकण चिकटपट्टीने बंद करून मग टाका.